देवमाशाच्या डोळ्यातलं लाल झाकण

परवा शनिवारी बोचरं वारं सुटलं होतं, म्हणून मी आणि माझी तेरा वर्षांची लेक इरा ख्राइस्टचर्चमधल्या एका छोट्या गॅलरीत शिरलो. जरा ऊब मिळेल, एवढाच हेतू... पण दारातच पाय थबकले.

समोर एक देवमासा! आमच्या लाउंजपेक्षाही लांब, आणि अख्खा टाकून दिलेल्या प्लास्टिकच्या खेळण्यांचा. पाठीवर निळ्या मोटारी, पोटाला बाहुल्यांचे हात... लांबून बघताना कातडी ओली वाटत होती. आत्ता श्वास घेईल, असं वाटून मीच श्वास रोखला.

मग मनात जुनी बोच जागी झाली. दोन वर्षांपूर्वी रिकार्टनचा फ्लॅट सोडून हॉर्नबीला आलो, तेव्हा इराची खेळणी मी तिला न विचारता ऑप-शॉपला, म्हणजे जुन्या वस्तू विकणाऱ्या इथल्या दुकानाला, देऊन टाकली. त्यात माझ्या बाबांनी तिच्यासाठी पुण्याहून आणलेली प्लास्टिकची भातुकलीही गेली.

बाबा दर रविवारी फोनवर विचारतात, "भातुकली आहे ना गं नीट?" मी म्हणते, "हो बाबा." इरा नुसती माझ्याकडे बघते...

"आई, कम हिअर. नाउ!" इरा देवमाशाच्या डोळ्याशी वाकली होती.

डोळा म्हणजे खेळातल्या कुकरचं लाल झाकण. त्यावर तापलेल्या सुईने कोरलेलं नाव... इरा. स्टीलच्या भांड्यांवर घालतात तसं बाबांनी भातुकलीच्या एकूण एक भांड्यावर नाव घातलं होतं. "परगावी भांडी हरवतात गं," म्हणाले होते.

माझे डोळे भरून आले. "परत देतील का, विचारू?"

"नो वे! मग त्याला दिसणार कसं?" इरा म्हणाली. आणि माझ्या पर्समधून मोबाइल काढून तिने पुण्याला लावला, माझ्या हातात दिला. "यू टेल हिम."

सांगितलं सगळं. दोन वर्षांचं खोटंसुद्धा.

पलीकडून बाबांचा आवाज. "नाव वाचता येतंय ना अजून? मग हरवलं कुठे, वेडे!"

ते झाकण कुठल्याशा ढिगातून उचलून नेमकं तिथे बसवणारे हात कुणाचे, मला ठाऊक नाही. त्यांना मनापासून नमस्कार.

काल रविवारी बाबांचा फोन आला. "देवमासा आहे ना गं नीट?"

"हो बाबा."

इरा माझ्याकडेच बघत होती... हसत.