नोरीनचं ऊन

नोरीन हॅडलीला कुणाकडे काही मागायचं म्हणजे जिवावर यायचं. शाळेच्या कॅन्टीनमध्ये उभी हयात गेली, सगळ्या गावाच्या पोरांना खिम्याच्या गरम पाई वाढून झाल्या, पण स्वतःसाठी घोटभर चहा मागायलाही तिला संकोच. नवऱ्याला, डेसला, ते न मागताच कळायचं. तो गेला आणि पंचाईत झाली.

डेस रेल्वेत रुळांच्या दुरुस्तीवर होता. रूळ उखडले गेले, लाइनीची लाल खडीची पायवाट झाली, तरी दर सप्टेंबरात दोघं तिथे तंबू ठोकायची. वाटेपासून आत, जारा नावाच्या उंच झाडांखाली, त्याला सापडलेली ऑर्किडची एक जागा होती. निळी, जांभळी, कडेला पिवळी फुलं. ऊन चांगलं तापल्याशिवाय हे फूल पाकळी उघडत नाही. अशी जागा तिकडे कुणी तोंडानं सांगत नाही. हाताला धरून न्यायचं, तेही घरच्याच माणसाला. नोरीनला ती जागा लेकीला, लीअॅनला, दाखवायची होती. गुडघे आता बोलायला लागले होते, पुढच्या वर्षी इथवर चालणं होणार नव्हतं.

यंदा लेकीचं सगळं कुटुंब तंबू घेऊन तिच्यासोबत आलं होतं. शनिवारी ऊन लख्ख पडलं होतं. जावई क्रेग सॉसेज भाजत रेडिओवर फुटबॉलचा सामना ऐकत होता. नातवंडं सायकली घेऊन पसार.

"लीअॅन, येतेस का जरा? इथेच जाऊन येऊ."

"अगं आई, आत्ता कुठे बूड टेकलंय! उद्या जाऊ की. फुलं काय पळून जाणारेत?"

"नोरीन, बसा हो निवांत," क्रेग म्हणाला. "फुलं बघून पोट भरतं का? हे घ्या, सॉसेज खा."

नोरीन हसली आणि बसली. एकटीनं जाऊन बघावं असं मनात आलं, पण डेसशिवाय तिथे ती कधी गेली नव्हती. ऊन कलेपर्यंत ती खुर्चीवर बसून राहिली. इतकी माणसं भोवती असून तिला फार एकटं वाटलं.

रविवारी आभाळ भरून आलं. लीअॅन मात्र शब्दाला जागली, आईचा हात धरून आली. जागेवर नुसते तांबूस देठ उभे होते, मिटलेल्या कळ्या घेऊन.

"हेच?" लीअॅननं वाकून पाहिलं. "बाबा यासाठी तुला दरवर्षी इथे ओढून आणायचे?"

"उमललं की बघ."

लीअॅन थांबली. खरंच थांबली, जॅकेटची चेन वर ओढून, अधूनमधून आभाळाकडे बघत. मग म्हणाली, "आई, तंबू उतरवायचाय गं. पुढच्या वर्षी नक्की हं."

नोरीननं मान हलवली.

गाडी डोंगर उतरू लागली तेव्हा ढग फाटले. काचेतून ऊन आत आलं, नोरीनच्या मांडीवर पडलं, हळूहळू चटकेही बसू लागले. वर रानात आता एकेक पाकळी सुटत असणार.

"लीअॅन, गाडी थांबव जरा."

लीअॅननं लगेच वेग कमी केला. "काय गं? काही राहिलं का मागे?"

मागच्या सीटवर नातवंडं एकमेकांवर कलंडून झोपली होती. क्रेग घोरत होता.

"नाही," नोरीन म्हणाली. "सगळं घेतलंय. चल."