फलालीन सर

भर मे महिन्यात, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असताना, वाशीमच्या बसस्टँडसमोरून चौकड्यांचा जाड फलालीनचा शर्ट घालून एखादा माणूस चाललेला तुम्ही पाहिला असेल, तर ते आमचे सर. शर्टाची बटणं सगळी उघडी, आत रंग उडालेला टी-शर्ट, डोक्याला मात्र उन्हासाठी पांढरा दुपट्टा बांधलेला. शाळेत ते भूगोल शिकवायचे, पण गावात त्यांना भूगोलाचे सर कुणीच म्हणालं नाही. ते फलालीन सर. कुणी विचारलंच, "सर, गरमी नाई होत काय?" की ते थांबून नीट उत्तर देत. "होते ना. पण सिएटलले पाऊस राह्यते, थंडी राह्यते. आपल्या इथं नाई राहत, त्यात शर्टाची काय चूक?"

सिएटल म्हणजे अमेरिकेतलं ते शहर, जिथून फलालीनचे शर्ट घालणाऱ्यांचं ग्रंज नावाचं खरखरीत, दुखऱ्या घशाचं रॉक संगीत जगभर गेलं. जगभर म्हणजे वाशीमपर्यंतसुद्धा, हे मला सरांमुळेच कळलं. नाहीतर माझा त्या संगीताशी संबंध टी-शर्टापुरताच होता. बाजारातून मी एक काळा टी-शर्ट आणला होता, त्यावर कुठल्याशा बँडचं नाव होतं. सरांनी मला भर चौकात अडवलं. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. "कोणता आवडते तुले यातला?" मला वाटलं मापाबद्दल विचारतायत. मी म्हणालो, "एक्सएल, सर. धुतल्यावर आटते."

दुसरा कुणी असता तर हसून गेला असता. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला गजूच्या मेडिकलमध्ये नेलं. रविवारी दुपारी गजू शटर अर्धं खाली ओढायचा, खोकल्याच्या बाटल्यांच्या मांडणीवर स्पीकर ठेवायचा आणि तिथं सरांची नि त्याची भांडणं चालायची. त्यात मी तिसरा.

बँडची इंग्रजी नावं तिथं कुणी घेत नसे. अर्ध्या शटरखालून क्रोसिन मागायला वाकलेली माणसं ती ऐकून घाबरत. म्हणून एक बँड होता 'उदास', एक 'दाढीवाले' आणि एक 'लोखंडी'. गजू लोखंडीवाला, म्हणजे मेटल नावाच्या धडाधड वाजणाऱ्या रॉकचा. त्याचं म्हणणं एकच, "सर, मेटलनं आठ दिस आंघोळ नाई केली की त्याचा ग्रंज होते. वेगळं काई नसते." सर उसळायचे. "गिटारीचं सांगू नको मले! ग्रंज म्हणजे घसा. घसा सोलून निंघाला पाह्यजे. गाणाऱ्याचं काईतरी जाऊन राह्यलं हाय, अन् तो त्याले थांबवून राह्यला हाय, असं वाटलं पाह्यजे." मी दोघांनाही मान डोलवायचो. एकदा दोघांनी मिळून मला विचारलं, तू कोणाकडून? मी म्हणालो, "चहा कोण सांगून राह्यलं, त्याच्याकडून."

सरांची एक खोड होती. नवा माणूस शटरखालून आत आला की ते त्याला विचारत, "मूळ सांग." म्हणजे तुझ्या कानात पहिलं काय शिरलं ते सांग. आणि पुढं बजावत, "ज्याची लाज वाटते ते सांग. बाकी सारं मागून वाचलेलं राह्यते." गजूनं कबूल केलं की त्याचं मूळ म्हणजे ऑर्केस्ट्रातली बाईच्या आवाजात गाणारा माणूस. मी आधी 'ब्लूज' असं कुठंतरी वाचलेलं नाव ठोकून दिलं. सर नुसते बघत राहिले. मग मी मान खाली घालून सांगितलं, मामाच्या लग्नातली बेंजो पार्टी. फुटक्या कर्ण्यातून बेंजो असा करवादत होता की घोडा नवरदेवासकट उकिरड्यावर चढला. सर खुर्चीतून उठले. "अरे हेच त डिस्टॉर्शन, मुद्दाम फाडलेला आवाज! अन् तू हे लपवून राह्यला व्हता?" आयुष्यात माझ्या मामाच्या लग्नाचं एवढं कौतुक मामीनंसुद्धा केलं नाही.

सरांचं स्वतःचं मूळ मात्र फार नीटनेटकं होतं. अमरावतीचं वसतिगृह, वरच्या वर्गातला एक मुलगा, त्याची एक कॅसेट. घरचं विचारलं की म्हणत, "घरी काय? आमचा बुढा शेतकरी हाय रिसोडकडं. त्याचा अन् संगीताचा काई संबंध नाई." त्यापुढं विषय बंद. आम्ही कधी त्यांचं गाव पाहिलं नाही, आणि तेही सणावारी सकाळी जाऊन संध्याकाळी परत असत.

त्यांना गर्व एकाच गोष्टीचा होता, कानाचा. "कोणताबी गाणारा असू दे. मले दोन सेकंद पुरे." आणि खरंच, गजूनं गाणं लावलं की शब्द सुरू व्हायच्या आत, नुसत्या श्वासावरून, सर नाव सांगत. मला वाटायचं, हा माणूस एकदा तरी चुकला पाहिजे. हे असं वाटणं हा माझा जुना आजार आहे. शाळेतही पहिल्या नंबरच्या मुलाच्या पेनातली शाई मीच बदलायचो.

माझं दुकान शेतीच्या औजारांचं. फवारणी पंप, कुंपणाची झटका मशीन, आणि अलीकडे भोंगे. बॅटरीवरचा हा भोंगा वावरात लावायचा, त्यात माणसाचा आवाज भरायचा, तो सारखा ओरडत राहतो आणि रोही म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरं सोयाबीनपासून लांब राहतात. पहिल्या भोंग्यांत मी माझाच आवाज भरला. गिऱ्हाईक परत आलं. "भाऊ, तुमचा आवाज लावल्यापासून रोही जवळ येऊन राह्यले. त्याईले वाटते कोणी बोलावून राह्यलं." तेव्हा मी चांगला ओरडणारा शोधायला लागलो, आणि लोकांनी सांगितलं, रिसोडकडच्या रिठदला जा, भोंगाबुवाला भेट.

भोंगाबुवा म्हणजे एक वाळलेला म्हातारा, वावरातल्या माळ्यावर, राखणीच्या मचाणावर, बसलेला. बोलताना आवाज जेमतेम ऐकू यायचा, पत्र्यावर वाळू घासल्यासारखा. पण ओरडला आणि माझ्या हातातला मोबाइल हलला. आधी एक लांब, वर चढत जाणारी हाक, मग तिथंच ती फाटायची आणि फाटलेली तशीच पुढं जायची. मी आवाज भरून घेतला, पाया पडलो आणि निघालो. खरं नाव विचारायचं सुचलं नाही. डोक्यात दुसरंच शिजत होतं.

रविवारी मी त्या हाकेखाली मोबाइलवरच खरखरीत गिटार भरली, शब्द कळणार नाहीत अशी बेतानं वाढवली, आणि गजूच्या स्पीकरला जोडलं. म्हणालो, "सर, सिएटलचं हाय. कधीच बाहेर न आलेलं."

सरांनी डोळे मिटले. दोन सेकंद गेले. बरेच गेले. गजू म्हणाला, "दाढीवाल्याईचा हाय हा." सरांनी हातानं त्याला गप्प केलं. "नाई. हा याईच्या साऱ्याईच्या आधीचा हाय. याले कोणी शिकवलं नाई. ऐक, इथं श्वास संपला, तरी सोडून नाई राह्यला तो. एकटा हाय गड्या हा माणूस. याच्या घरी याचं कोणी ऐकत नसन." ते इतक्या हळू बोलत होते की मला तेव्हाच थांबायला हवं होतं. पण जिंकायची वेळ आली की मला थांबता येत नाही. मी गिटार काढून टाकली. दुकानभर स्वच्छ आवाज घुमला, "हाऽऽऽ! हुर्र्याऽऽ! निंघ! निंघ माया वावरातून!"

गजू काउंटरवर डोकं ठेवून हसला. मी त्याच्याहून मोठ्यानं. "सर, रिठदचा भोंगाबुवा! रोह्याईवर वरडून राह्यला!"

सर हसले नाहीत. स्पीकरकडं बघत त्यांनी फलालीनचं एकेक बटण लावायला सुरुवात केली, खालपासून गळ्यापर्यंत.

"भोंगाबुवा नाई," ते म्हणाले. "किसन नाव हाय त्याचं. माया बाप हाय तो."

गजूनं काउंटरवरून डोकं उचललं. सरच बोलले. "लहानपणी हा आवाज आला का म्या कानात बोटं घालो. पोट्टे चिडवत, भोंग्याचा पोरगा म्हणून. अन् आज…" आणि ते अर्ध्या शटरखालून वाकून निघून गेले. त्या दिवसानंतर ती रविवारची बैठक पुन्हा भरली नाही. गजूनं स्पीकर घरी नेला.

आठवड्यानंतर सकाळीच सर माझ्या दुकानासमोर उभे. मी माफीची जुळवाजुळव करत होतो, तर म्हणाले, "रिठदले चाल माया संगं. एकट्यानं जायची लाज वाटून राह्यली." मी गाडी काढली. माझ्यासारख्या माणसाला वाशीम ते रिठद गप्प बसणं ही शिक्षाच आहे, आणि ती मला हवी होती.

म्हातारा माळ्याखाली चिलीम भरत होता. मला ओळखून म्हणाला, "माया आवाज खराब निंघाला काय जी?" मी म्हणालो, "नाई काकाजी, लय चांगला निंघाला." एवढं बोलताना मला म्हाताऱ्याकडं बघता आलं नाही. सर त्यांच्या शेजारी मातीत बसले. काय बोलावं ते न सुचून त्यांनी खिशातून मोबाइल काढला, वायरीचा एक बोळा बापाच्या कानात घातला, एक स्वतःच्या, आणि 'उदास'चं एक गाणं लावलं. ज्याच्यासाठी ते वर्षानुवर्षं गजूशी भांडले, तेच.

म्हातारा शेवटपर्यंत ऐकत राहिला. चिलीम विझली. मग बोळा काढून परत देत त्यानं काळजीनं विचारलं, "बापू, याच्या वावरात काय शिरलं व्हतं?"

सर वायर बोटांभोवती गुंडाळायला लागले.

तेवढ्यात बांधापलीकडून एक रोही सोयाबीनमध्ये उतरला. चांगला घोड्याएवढा. म्हातारा उठायला लागला, तर सरांनी त्यांचा हात धरून खाली बसवलं. "तुमी बसा, बाबा. म्या वरडतो." ते बांधावर गेले, छाती भरून घेतली आणि ओरडले. आवाज बारीक निघाला, वर्गात शेवटच्या बाकाला दटावतात तसा. रोह्यानं मान वर केली, सरांना पाहिलं आणि पुन्हा खायला लागला.

"तसं नाई बापू," मागून म्हातारा म्हणाला. "पीक आपलं हाय असं वरड."

सर पुन्हा ओरडले. आवाज फाटला. पुन्हा ओरडले. मानेच्या शिरा दिसायला लागल्या. मला ते बघवेना. आपण ऐकत नाही आहोत असं त्यांना वाटावं म्हणून मी पाठ फिरवली आणि, कुठंही जायचं नसताना, गाडीला किक मारून ॲक्सिलरेटर पिळला. सायलेन्सर फुटलेला. शिवारभर गोळीबार झाल्यासारखा आवाज झाला आणि रोही टणाटणा उड्या मारत नाल्यापार गेला.

सर बांधावरून वळले. "गेला!" ते म्हणाले. "बाबा, गेला तो!" गाडीचा आवाज त्यांना ऐकूच गेला नव्हता.

मी घाईघाईनं गाडी बंद केली. म्हाताऱ्यानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या सायलेन्सरकडं, मग पोराकडं.

"आता बरोबर वरडला," म्हातारा म्हणाला.