आबांचं संस्थानी लायसन

मंडळी, आज नातीला घेऊन लायसनच्या कचेरीत गेलते. तिथल्या साहेबाचा तोरा बघून मला सत्तर-पंचाहत्तर वर्षांमागचा एक साहेब आठवला.

कोल्हापूर संस्थान तेव्हा नुकतंच मुंबई राज्यात गेलं होतं. माझे वडील, आबा, कोल्हापूर-गारगोटी सर्व्हिस मोटार, म्हणजे तेव्हाची प्रवासी बस, चालवायचे. एकदा मी आणि आई त्याच मोटारीनं गेलो. गारगोटीला पोचल्यावर पुढच्या सीटवर बसून आलेल्या, नव्या सरकारच्या लायसन खात्यातल्या साहेबानं आबांचं लायसन मागितलं.

"हे संस्थानचं आहे. आता चालत नाही. मोटार इथंच सोडा."

"साहेब, वीस वर्षं ह्याच्यावरच चालवतोय की. तुमीबी आत्ता ह्याच्यावरच आलाय."

"कायदा म्हणजे कायदा."

आबांनी किल्ली त्याच्यापुढं धरली. "मग तुमीच न्या कोल्हापूरला. माणसं खोळंबल्यात."

साहेबाला मोटार चालवता येत नव्हती. ड्रायव्हरांच्या परीक्षा घेणारा माणूस हा! तासभर घुटमळला आणि "एवढी खेप न्या," म्हणून मुकाट पुढं जाऊन बसला.

कोल्हापुरात सुखरूप उतरला आणि लगेच आबांची मोटार बंद केली. तीन महिने आबा घरी बसून होते. आई दुसऱ्यांच्या शेतात भांगलायला, तण काढायला जायची.

शेवटी नव्या लायसनची परीक्षा त्याच साहेबानं घेतली. आबा पास झाले. पण पुढं तो रस्त्यात दिसला, तरी आबांनी त्याला कधी नमस्कार केला नाही.

ज्याला काम येत नाही, तोच दुसऱ्याचं काम तपासायला कसा काय बसतो? तुमच्या घरच्यांना भेटलाय का असला कोणी?