एस्तेरताईंनी ऐकवलेले आवाज

एस्तेरताई साळवे गेल्याचं त्यांच्या भावाने बदलापूरला माझ्या घरी येऊन सांगितलं, त्याला आता महिना होईल. अंबरनाथच्या एका कारखान्यात त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या, मी स्टोअर्सला. वर्षानुवर्षं आम्ही डबा एकत्र खाल्ला, पण त्यांची खरी उंची मला कळली ती कारखान्याबाहेर.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांनी टेपरेकॉर्डर घेतला आणि सुट्टीच्या दिवशी माणसं शोधत फिरू लागल्या. सगळी त्यांच्याच ख्रिस्ती समाजातली, अन्यायाविरुद्ध उभी राहिलेली, पण चर्चच्या कुठल्याही अहवालात नाव नसलेली. कुठल्याच वस्तीला नाही न म्हणणारी शहाडची सुईण, भाजलेल्या कामगारांचे भरपाईचे अर्ज लिहिले म्हणून नोकरी गमावलेला कंपाउंडर, आणि झाडूकाम करणाऱ्या राहेलबाई.

मग एका वर्षी त्यांनी चर्चमागच्या हॉलच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या, उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानदाराकडून आठ स्पीकर आणले आणि चारी बाजूंना मांडले. अंधारात नुसतं बसायचं. टेपमधला आवाज कधी पाठीमागून यायचा, कधी अगदी कानाशी...

पहिल्या कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी चर्चच्या कमिटीतले थोरातसर ऐकायला आले. राहेलबाईंचा आवाज लागला, "येशू समद्यांचा हाय, पन देवळातला पुढचा बाक आमचा न्हाई."

"एवढं काढा, ताई," सर म्हणाले. "बाहेरची माणसं येणार आहेत."

"मग हॉल बंदच ठेवू," ताई शांतपणे म्हणाल्या. "ज्यांचं कुणी ऐकलं नाही त्यांच्यासाठी हे मांडलंय. त्यातून पुन्हा आपणच कुणाला गाळायचं?"

मी स्पीकर जोडायला आलो होतो, वायर हातात धरून उभा होतो. हॉलची किल्ली सरांच्या खिशात होती. त्यांनी ती काढून टेबलावर ठेवली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते लोकांबरोबर अंधारात बसले. टेप संपल्यावर सगळे उठले, सर उठले नाहीत. पुढच्या खेपेलाही तिथेच होते. त्यानंतरच्या रविवारी उपासनेला ते मागे गेले आणि राहेलबाईंच्या बाकावर बसले. हे सांगताना ताई म्हणाल्या, "मी काय केलं? बोलल्या त्या राहेलबाई." अशा बाईबरोबर मी डबा खात होतो, याचा मला आजही अभिमान वाटतो.

त्या कॅसेटी भावाने आता माझ्याकडे दिल्यात. प्रत्येकीवर ताईंच्या गोल अक्षरात त्या माणसाचं पूर्ण नाव आहे. इतक्या तासांत ताई स्वतः जवळजवळ बोलतच नाहीत. टेप सुरू होते, थोडी खरखर... आणि मग त्यांचे तेवढेच शब्द,

"बोला. मी ऐकतेय."