साठेसर गोड बोलले की...

ऑपरेशनं आटोपली की आमच्या सदाशिव पेठेतल्या नर्सिंग होममध्ये चहा येतो आणि चहाबरोबर किस्से. बहुतेक सगळे साठेसरांचेच. मी तिथे भूल देते, त्यामुळे मला पहिल्या रांगेतली जागा!

साठेसर अव्वल सर्जन, पण फाटक्या तोंडाचे. फक्त पेशंटला रक्तस्राव सुरू झाला की माणूस एकदम सभ्य व्हायचा. "काय बाई, झोपलीस का?" असं खेकसले, तर सगळं ठीक. "मॅडम, घरी सगळे बरे ना?" असं विचारलं, की मी उत्तर न देता सलाईन धो धो सोडायची!

एकदा खडकीहून येणारी नवी सिस्टर खूश होऊन माझ्या कानाशी लागली. "सर किती प्रेमळ आहेत हो! मला विचारलं, जेवलात का?"

"अगं, आधी रक्ताची बाटली आण!"

वाघोलीच्या एका दूधवाल्या आजोबांच्या सुनेचं ऑपरेशन झालं. रक्त बरंच गेलं होतं. सर बाहेर येऊन म्हणाले, "सध्या सलाईनवर भागवलंय."

"म्हंजी पानी घालून माप पुरं केलं! कळलं की, डाक्टर."

"बरोबर. पण पाणी किती घालायचं याला हद्द असते, हे तुम्हाला मी काय सांगणार?"

आजोबा हसले नाहीत. पण घरातली धडधाकट माणसं मुकाट्याने रक्त द्यायला उभी केली. सून वाचली.

मग सरांच्याच प्रोस्टेटचं ऑपरेशन करायची वेळ आली. करणार त्यांचाच शिष्य, देशमुख. सर कमरेखाली बधिर, पण टक्क जागे. मधे पडदा असल्याने दिसत काही नव्हतं, तोंड मात्र चालू. "अरे, गवत कापतोयस का?"

अचानक पडद्यापलीकडून देशमुखचा मृदू आवाज आला, "मॅडम, आपल्याला फार त्रास होणार नसेल तर..."

सर पांढरे पडले. "सलाईन सोड, बाई! मारलं ह्यानं मला!"

मी सोडलंच होतं. तरी ब्लडप्रेशर घसरत गेलं आणि सरांची बडबड थांबली. खरं सांगते, त्या तोंडाने परत एकदा मला शिव्या घालाव्यात, एवढंच मी देवाकडे मागत होते. रक्त चढलं, देशमुखने रक्तस्राव थांबवला, प्रेशर हळूहळू वर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं, मी, देशमुख आणि ती सिस्टर, त्यांच्या खोलीत गेलो. सरांनी डोळे पुसले, हात जोडले. "मॅडम, आपले फार उपकार झाले माझ्यावर."

देशमुखने झटकन पांघरूण उचललं, सिस्टर रक्ताची बाटली आणायला धावली, आणि मी सलाईन धो धो सोडलं!