काकणभर सरस

कात्रपच्या घराचा माळा आवरताना आमचा जुना कॉम्प्युटर खाली काढला. झाकण उघडताच करपट धुळीचा वास आला आणि मी थेट उल्हासनगरच्या त्या दुकानात जाऊन पोचलो.

लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग सुरू करायचं म्हणून माझी बायको नीला आणि मी दोन प्रोसेसर बसणारा मदरबोर्ड घ्यायला गेलो होतो. काम तीच करणार होती, बोलत मात्र मी होतो.

"एक प्रोसेसर भारी द्या, दुसरा साधा चालेल," मी ऐटीत म्हणालो. "नवरा-बायकोसारखं हो. एक काकणभर सरस हवाच!"

सिंधी दुकानदार हसला. "साईं, दोनों बराबर के लगते हैं. छोटा-बड़ा लगाओगे तो मशीन चालूच नहीं होगी."

दुकानातली गिऱ्हाइकं खो-खो हसली. माझे कान तापले. नीलाने एकसारखी जोडी निवडली.

पुढे कित्येक वर्षं मला फक्त त्या हसण्याचीच लाज वाटायची. आज मदरबोर्डावरच्या दोन सारख्या पंख्यांची धूळ पुसताना वेगळंच आठवलं. नीला हसली नव्हती. माझ्या फजितीवर नाही, आणि त्याआधी माझ्या विनोदावरही नाही.