मांजर आत कसं आलं

लाँड्रीत कपड्यांना चिठ्ठ्या टाचणाऱ्या त्या बाईला सगळे लेखिकाबाई म्हणत, अर्धं कौतुकानं, अर्धं टोमण्यानं. प्रकाशकांनी तिला दारातूनच वाटेला लावलं, तेव्हा तिनं आपली कथा स्वतःच ऑनलाइन टाकायला घेतली. दोन बहिणी आणि त्यांची खाणावळ. दर गुरुवारी एक भाग. हळूहळू वाचक जमले. घरचं मात्र कुणी वाचत नाही, अशी तिची पक्की समजूत होती.

'चिकट गिऱ्हाईक' या टोपणनावाचा एक वाचक म्हणजे डोक्याला ताप. भाग आला की हा हजर. "दूध गॅसवर ठेवून बहिणी पानभर भांडल्या. उतू कसं गेलं नाही?"

ती लिहायची, "आमचं दूध शहाणं आहे. तुमच्यासारखं ऊठसूट उतू जात नाही." अशी खडाजंगी झाली की तिचा दिवस बरा जायचा, पण हे ती कबूल करत नसे.

मग ती आजारी पडली. ताप नाही, खोकला नाही, त्यामुळे आजार म्हणायचीही सोय नव्हती. आधी आंघोळीचा कंटाळा आला, मग जेवणाचा, मग लाँड्रीत जाणं सुटलं. पण बाई भलती शिस्तीची. पुढचे बरेच भाग तिनं आधीच लिहून, तारखा लावून ठेवले होते. ते आपोआप प्रसिद्ध होत राहिले. दादाचा फोन आला, "भाग येतायत म्हणे वेळेवर. म्हणजे मजेत दिसतेस." ती हो म्हणाली. आपण नसलो तरी गुरुवार चुकणार नाही, कुणाचं काही अडणार नाही, हा विचार तिला आवडू लागला होता. त्याची भीती वाटायला हवी होती. वाटली नाही.

एका दुपारी बेल वाजली. ती उठली नाही. बेल थांबेना, तेव्हा शेजारी ओरडतील म्हणून तिनं दार उघडलं. दारात वहिनी, दादाची बायको. दोघींचं कधी फारसं जमलं नव्हतं. वहिनीनं सिंकमधली भांडी पाहिली, हिचे केस पाहिले आणि खुर्ची ओढून बसली.

"थोरलीनं दार लावलं होतं. मग मांजर आत कसं आलं?"

"कुठलं मांजर?"

"तुझ्या कथेतलं. मागच्या दोन्ही भागांखाली विचारलं. एरवी अंगावर धावून येतेस, या खेपेला चकार शब्द नाही. तेव्हाच म्हटलं, काहीतरी बिनसलंय."

लेखिकाबाईला समजायला वेळ लागला. "चिकट गिऱ्हाईक... तू?"

"मग कोण? आता खरं सांग, काय होतंय तुला?"

तिनं सांगितलं. तो आवडू लागलेला विचारही सांगितला. वहिनी रडली नाही, उपदेशही केला नाही. "चप्पल घाल," म्हणाली आणि तिला तशीच डॉक्टरकडे घेऊन गेली.

औषधं लगेच लागू पडली नाहीत. वहिनी रोज येई, गोळी हातावर ठेवी आणि भांड्यांवरून बोलणी ऐकवी. तयार भाग संपले. एक गुरुवार कोरा गेला, मग कितीतरी गेले. वाचक पांगले. लेखिकाबाईला त्याचं वाईटही वाटत नव्हतं.

मग एका सकाळी ती कुणी न सांगता आंघोळ करून आली, फोन उघडला आणि त्या जुन्या प्रश्नाखाली लिहिलं, "खिडकीतून आलं."

वहिनी स्वयंपाकघरातच होती. तिथूनच फोनवर 'चिकट गिऱ्हाईक'चं उत्तर आलं, "खिडकीला जाळी आहे. सहावा भाग बघा."

तिनं सहावा भाग काढला. जाळी होती, तिनंच बसवलेली. "ताप आहे नुसता," ती मोठ्यानं म्हणाली आणि मांजरासाठी दुसरी वाट शोधायला बसली.